एनडी-याग स्फटिक हातात आला: मोजायचं काय, कसं आणि कोणत्या क्रमाने

एनडी-याग, म्हणजे निओडिमियम मिसळलेला, लेसरसाठी वापरला जाणारा याग स्फटिक. त्याचा कांडीसारखा तुकडा खिडकीत उन्हाकडे धरला की फिकट जांभळट-गुलाबी दिसतो. तोच ट्यूबलाइटखाली न्या, रंग वेगळा वाटेल. या साध्या खेळात विषयाचा गाभा आहे. निओडिमियमचा आयन पांढऱ्या प्रकाशातल्या ठरावीक अरुंद पट्ट्याच गिळतो, आणि त्यातली एक जाड पट्टी पिवळ्या भागात, ५८० ते ५९० नॅनोमीटरच्या आसपास पडते. तापलेल्या काचेतल्या सोडियमचा पिवळा झगझगाट ५८९ ला असतो. म्हणून काच फुंकणारे कारागीर निओडिमियम आणि प्रासिओडिमियम मिसळलेल्या डायडिमियम काचेचे चष्मे वापरतात.

स्फटिकाबरोबर येणाऱ्या कागदावर सहसा चार आकडे असतात: १ टक्का निओडिमियम, ८०८ नॅनोमीटरला शोषण, १०६४ ला उत्सर्जन, आयुष्य २३० मायक्रोसेकंद. चारही आकडे बरोबर असतात, पण ते एनडी-याग या जातीचे असतात, तुमच्या टेबलावरच्या तुकड्याचे नसतात. एमएस्सीच्या प्रकल्पापासून पीएचडीपर्यंत अनेकांचे महिने इथेच वाया जाताना मी पाहिले आहेत. कागदावरचे आकडे धरून लेसर जुळवायचा, तो अपेक्षेइतका चालत नाही, मग आरसे बदलत बसायचं. आधी आठवडाभर स्फटिक नीट मोजला तर हा त्रास वाचतो. क्रम मात्र पाळायला हवा, कारण आधीच्या मोजणीतली चूक पुढच्या प्रत्येक आकड्यात मुरते.

सुरू करण्याआधी डोळे

८०८ नॅनोमीटरचा डायोड कितीही जोरात चालू असला तरी डोळ्याला जेमतेम मंद लाल ठिपका दिसतो, आणि १०६४ तर दिसतच नाही. दोन्ही किरण डोळ्याच्या भिंगातून आरपार जाऊन थेट पडद्यावर केंद्रित होतात. गॉगल घेताना दोन्ही तरंगलांबींसाठी रेटिंग आहे का ते काचेवर छापलेलं वाचा. हिरव्या ५३२ ने पंप करणार (म्हणजे स्फटिकाला ऊर्जा पुरवणार) असाल तर तिसरंही हवं. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, आणि किरण डोळ्याच्या उंचीवर कधीही ठेवू नका. यात सवलत नाही.

आत काय चाललंय, थोडक्यात

याग म्हणजे यिट्रियम-अॅल्युमिनियम गार्नेट. तीन यिट्रियम, पाच अॅल्युमिनियम आणि बारा ऑक्सिजन मिळून एक सूत्र होतं. निओडिमियम यिट्रियमच्या जागी बसतो. त्याचे प्रकाशाशी खेळणारे ४एफ इलेक्ट्रॉन बाहेरच्या भरलेल्या कवचांच्या आड असतात. त्यामुळे स्फटिकाच्या विद्युतक्षेत्राचा त्यांना हलकाच धक्का बसतो, आणि रेषा इतर घन पदार्थांच्या मानाने फार बारीक राहतात. १०६४ ची रेषा सामान्य तापमानाला अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास रुंद असते.

८०८ चा प्रकाश गिळून आयन वर जातो, तिथून झटकन घसरून ४एफ३/२ या पातळीवर थांबतो आणि १०६४ चा फोटॉन टाकून खालच्या ४आय११/२ या गटात उतरतो. हा गट तळापासून २००० प्रति सेंमीहून (हे वर्णपटातलं ऊर्जेचं माप) अधिक उंचीवर आहे, आणि खोलीच्या तापमानाची उष्णऊर्जा त्याच मापात फक्त २०८. म्हणजे खालची पायरी जवळजवळ रिकामीच असते, आणि थोडा पंप दिला तरी लेसर सुरू होतो. १९६० मध्ये मेमनने चालवलेल्या रूबी लेसरमध्ये खालची पायरी म्हणजे तळच होता. तिथे निम्म्याहून जास्त आयन उचलावे लागत.

एनडी-याग लेसर १९६४ चा, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतला, गॉइसिक, मार्कोस आणि व्हॅन युटर्ट यांचा. त्याच वर्षी, त्याच संस्थेत कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर केला. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं. कारखान्यांतलं धातू कापण्याचं काम वर्षानुवर्षं ज्या दोन लेसरांनी ओढलं, ते दोन्ही एकाच वर्षी एकाच छपराखाली जन्मले. हे आठवलं की मला दर वेळी बरं वाटतं.

पहिली पायरी: तुकडा नीट बघा

उपकरणात घालण्याआधी दोन तपासण्या करा. लाल हीलियम-निऑन लेसरचा बारीक किरण तुकड्यातून जाऊ द्या आणि बाजूने, अंधारात, बघा. चांगल्या यागमध्ये किरणाची वाट जेमतेम दिसते. मध्येच चमकणारे ठिपके दिसले तर आत बुडबुडे किंवा परके कण आहेत.

मग दोन पोलरायझर एकमेकांना काटकोनात ठेवून मध्ये स्फटिक धरा. यागची अंतर्रचना घनाकृती, म्हणजे प्रकाशासाठी सगळ्या दिशांना सारखी, असल्यामुळे अंधारच दिसायला हवा. उजळ पट्टे किंवा फुलासारखी नक्षी दिसली तर आत ताण आहे. मोठ्या स्फटिकाच्या मध्यभागी असा ताणाचा गाभा वाढतानाच तयार होतो, आणि कांड्या सहसा तो टाळून कापतात.

दुसरी पायरी: आयन किती आहेत

इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. ‘१ टक्का’ म्हणजे शंभर यिट्रियमच्या जागांपैकी एका जागी निओडिमियम, हा अणूंचा टक्का झाला. वजनाने मोजलं तर तोच स्फटिक सुमारे ०.७३ टक्के भरतो. रासायनिक विश्लेषणाचा अहवाल वजनाचा टक्का देतो आणि कागद अणूंचा देतो. दोन्ही एकाच रकान्यात लिहिले की पुढचा प्रत्येक क्रॉस सेक्शन (एक आयन प्रकाश किती जोराने गिळतो किंवा टाकतो, त्याचं माप) पाव ते एक तृतीयांशाने चुकतो.

यागची घनता ४.५६ ग्रॅम प्रति घन सेंमी. त्यावरून हिशोब केला की यिट्रियमच्या जागा १.३८ × १०^२२ प्रति घन सेंमी येतात. १ टक्का म्हणजे १.३८ × १०^२०. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पण तुमच्या तुकड्यात १ टक्काच आहे कशावरून? निओडिमियमचा आयन यिट्रियमपेक्षा थोडा मोठा असल्यामुळे वाढणारा स्फटिक त्याला सहजासहजी आत घेत नाही. वितळलेल्या मिश्रणात जेवढा असतो त्याच्या जेमतेम पाचवा-सहावा भागच आत शिरतो. उरलेला मागे साचतो, म्हणून वितळ हळूहळू गडद होत जातो आणि स्फटिकाचं शेपूट डोक्यापेक्षा जास्त निओडिमियमचं निघतं. याच कारणाने तो तासाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, इतका सावकाश ओढावा लागतो. १५ सेंटिमीटरसाठी ३०० तास झाले. शक्य असेल तर पुरवठादाराला विचारा: हा तुकडा डोक्याकडचा की शेपटाकडचा? आणि लांब कांडी असेल तर पुढची मोजणी दोन्ही टोकांकडे करा.

तिसरी पायरी: शोषणाचा वर्णपट

याच पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

शोषण मोजायला लांब कांडी घेऊ नका. ८०८ च्या शिखराला १ टक्क्याच्या यागचा शोषणांक १० प्रति सेंमीच्या घरात असतो. पाच सेंटिमीटरच्या कांडीतून त्या तरंगलांबीचं काहीही पलीकडे पोहोचत नाही. डिटेक्टर जे दाखवतो तो उपकरणातला भटका प्रकाश असतो, आणि तुम्हाला सपाट माथ्याचं शिखर मिळतं. सपाट माथा दिसला की ओळखावं, नमुना जाड आहे. दोन मिलिमीटरची, दोन्ही बाजूंनी समांतर पॉलिश केलेली चकती उत्तम.

दुसरी गोष्ट स्लिटची. बहुतेक महाविद्यालयांतल्या स्पेक्ट्रोफोटोमीटरची स्लिट १ किंवा २ नॅनोमीटरवर ठेवलेली असते, कारण तिथे द्रावणं मोजतात आणि द्रावणांचे पट्टे ऐसपैस असतात. यागमधलं ८०८ चं शिखर स्वतःच १ नॅनोमीटरच्या आसपास रुंद आहे. २ नॅनोमीटरच्या स्लिटने ते बुटकं आणि जाडं दिसतं, कधी निम्म्यावरही येतं. स्लिट ०.२ नॅनोमीटर किंवा त्याहून कमी करा, टप्पा ०.१ ठेवा आणि वेग कमी करा. सिग्नलमधला गोंगाट (नॉइज) वाढला तर जास्त वेळ सरासरी घ्या. खात्री अशी करायची: स्लिट अजून निम्मी करून बघा. शिखराची उंची बदलली नाही तरच ती खरी.

‘शिखराखालचं क्षेत्रफळ तर तेच राहतं ना?’ असं विद्यार्थी विचारतात. पातळ, कमी शोषणाच्या नमुन्यात जवळजवळ राहतं. शोषण जास्त असेल तर राहत नाही, कारण उपकरण सरासरी काढतं पलीकडे पोहोचलेल्या प्रकाशाची, आणि लॉगॅरिदम आपण त्यानंतर घेतो.

तिसरी गोष्ट पृष्ठभागाची. यागचा अपवर्तनांक १.८२. लेप नसलेल्या प्रत्येक पृष्ठभागावरून साडेआठ टक्के प्रकाश परत फिरतो. त्यामुळे जिथे स्फटिक काहीच शोषत नाही तिथेही पलीकडे ८४ टक्केच मिळतो आणि उपकरण ०.०७ च्या वर शोषण दाखवतं. हा पाया वजा करायचा. तुमचा पाया यापेक्षा बराच वर असेल तर पॉलिश खराब आहे, किंवा चकती तिरकी बसली आहे, किंवा आत प्रकाश विखुरतो आहे. पाया लघु तरंगलांबीकडे वर चढत गेला तर विखुरण्याचा संशय पहिला घ्या.

आता एक हिशोब करून बघू. समजा दोन मिलिमीटरच्या चकतीने ८०८ च्या शिखराला शोषण ०.९५ दाखवलं. पाया ०.०७५ वजा केला, उरले ०.८७५. उपकरणाचा लॉग दहाच्या पायाचा असतो, म्हणून २.३०३ ने गुणायचं आणि ०.२ सेंमीने भागायचं. शोषणांक आला १०.१ प्रति सेंमी. त्याला १.३८ × १०^२० ने भागा: ७.३ × १०^(-२०) चौरस सेंमी. हा झाला शोषणाचा क्रॉस सेक्शन. एनडी-यागसाठी साधारण सात ते आठच्या मध्ये उत्तर आलं तर तुम्ही वाटेवर आहात. चार आलं तर आधी स्लिट बघा. दहा आलं तर एकाग्रतेचा टक्का तपासा. २.३०३ ने गुणायला विसरणं ही इतकी सर्रास होणारी चूक आहे की मी गुणाकार वहीत लाल शाईने करतो.

चौथी पायरी: तुमचा डायोड आणि तुमचा स्फटिक

शिखरावरचा आकडा शोधनिबंधाच्या कामाचा. लेसर बनवणाऱ्याला डायोडसकट आकडा हवा. पंपाचा डायोड एका तरंगलांबीचा नसतो. त्याचा पट्टा दोन-तीन नॅनोमीटर रुंद असतो आणि तो गरम होईल तसा अंशाला सुमारे ०.३ नॅनोमीटर लांब तरंगलांबीकडे सरकतो. चार अंशांत १.२ नॅनोमीटर! शिखराच्या रुंदीपेक्षा जास्त. दुपारी लेसर मंदावतो आणि सकाळी नीट चालतो, यामागे बरेचदा हेच कारण असतं.

म्हणून डायोडचा वर्णपट प्रत्यक्ष चालवायच्या करंटला आणि तापमानाला घ्या. मग प्रत्येक तरंगलांबीला तुमच्या लांबीच्या स्फटिकातून किती प्रकाश पार होतो ते काढा, त्याला डायोडच्या त्या तरंगलांबीच्या वाट्याने गुणा आणि बेरीज करा. बेरीज म्हणजे वाया जाणारा पंप. आधी शोषणांकाची सरासरी काढून मग घातांकात घालू नका. तसं केलं तर आकडा नेहमी गोड येतो आणि फसवतो. हाच हिशोब डायोडच्या तीन-चार तापमानांना केला की कूलरचं तापमान कुठे लावायचं ते आपोआप कळतं.

८८५ जवळही एक पट्टी आहे. ती कमजोर आहे, पण तिथून पंप केला तर आयन थेट वरच्या लेसर पातळीवर पोहोचतो आणि उष्णता कमी होते. ८०८ ने पंप केल्यावर १०६४ चा फोटॉन निघतो तेव्हा ऊर्जेचा २४ टक्के वाटा तिथेच उष्णतेत जातो. ८८५ ने तो १७ टक्क्यांवर येतो. जास्त शक्तीच्या लेसरात हा फरक मोठा आहे.

पाचवी पायरी: आयुष्य

वरच्या पातळीवर आयन सरासरी किती वेळ थांबतो, ते आयुष्य. मोजायची रीत सोपी वाटते. ८०८ चा डायोड चौकोनी पल्समध्ये चालवा, पल्स काही मायक्रोसेकंदांत बंद झाला पाहिजे. बाजूने निघणारं अनुस्फुरण (आयनांनी परत टाकलेला प्रकाश) गाळणीतून फोटोडायोडवर घ्या आणि ऑसिलोस्कोपवर ओसरणारा वक्र बघा.

माझ्या पहिल्या मोजणीत आयुष्य ३४० मायक्रोसेकंद आलं आणि मी खूश झालो, वाटलं स्फटिक फारच उत्तम आहे. खरं म्हणजे निओडिमियम अगदी कमी असलेल्या यागमध्येही हा आकडा २६० च्या आसपास थांबतो. ३४० येणं शक्यच नव्हतं. दोन दिवस शोधल्यावर कळलं की मी मोजत होतो ती माझी केबल. कोएक्स केबलचं कपॅसिटन्स मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड. माझी केबल तीन मीटरची, त्यात फोटोडायोड आणि स्कोपचं थोडं. स्कोपचा इनपुट १ मेगाओहमवर होता. गुणाकार करा: ३४० मायक्रोसेकंदांच्या घरातच येतो.

उपाय: स्कोपच्या तोंडाशी १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. काळ तीन-चार मायक्रोसेकंदांवर येतो. सिग्नल लहान होईल, त्यासाठी काही शे पल्सची सरासरी घ्या. मग रेझिस्टर ५ किलोओहमचा करून परत मोजा. आयुष्य तेच राहिलं तरच वहीत लिहा.

पुढची तपासणी वक्राच्या आकाराची. उभ्या अक्षावर लॉग घेऊन काढला की सरळ रेषा यायला हवी. सुरुवातीला वक्र जास्त वेगाने घसरत असेल तर पंप जास्त आहे: वरच्या पातळीवरचे दोन शेजारी आयन आपापसात ऊर्जा देवाणघेवाण करून एकाला आणखी वर ढकलतात. पंप कमी करत जा, रेषा सरळ होईपर्यंत.

पंप कमी करूनही आयुष्य २०० च्या खाली राहिलं तर निओडिमियम जास्त आहे. वरच्या पातळीवरचा आयन तळावरच्या शेजाऱ्याला अर्धी ऊर्जा देतो, दोघे मधल्या पायरीवर अडकतात आणि प्रकाश न देता उष्णतेत विझतात. यागमध्ये निओडिमियम १ टक्क्याच्या आसपासच ठेवतात त्यामागे हे एक कारण, आणि मोठा आयन जबरदस्तीने कोंबला की स्फटिकाची प्रत बिघडते हे दुसरं. म्हणजे आयुष्याची मोजणी दुसऱ्या पायरीतल्या टक्क्याची उलटतपासणीही करते.

सहावी पायरी: उत्सर्जन

स्पेक्ट्रोमीटरवर ८५० ते १४५० पर्यंत वर्णपट घ्या. तीन झुपके दिसतील: ९४६ च्या आसपासचा, १०६४ चा आणि १३२० च्या आसपासचा. दोन सापळे लक्षात ठेवा.

पहिला: ५३२ च्या हिरव्या लेसरने पंप करत असाल तर त्याची ग्रेटिंगवरची दुसरी ऑर्डर बरोबर १०६४ ला पडते. एका विद्यार्थ्याने सुंदर, सुईसारखी १०६४ ची रेषा आणून दाखवली होती. स्फटिक काढून घेतला तरी ती तशीच राहिली. स्लिटसमोर हिरवा अडवणारी गाळणी लावा.

दुसरा: सिलिकॉन डिटेक्टरची संवेदनशीलता ९०० नंतर कोसळत जाते, त्यामुळे ९४६ उगाच उंच आणि १०६४ बुटकी दिसते. १३२० तर दिसतच नाही. इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा डिटेक्टर वापरा आणि तोही ज्ञात तापमानाच्या हॅलोजन दिव्याने जुळवून घ्या. दुरुस्ती न करता क्षेत्रफळं काढली तर पुढचं सगळं व्यर्थ. दुरुस्तीनंतर १०६४ च्या झुपक्याचा वाटा साधारण ५५ ते ६० टक्के येतो.

आता उत्सर्जनाचा क्रॉस सेक्शन काढायचं फ्युख्टबाउअर-लाडेनबर्गचं समीकरण. सोप्या रूपात असं: तरंगलांबीचा चौथा घात घ्या, झुपक्याच्या वाट्याने गुणा, आणि भागा ८ × पाय × अपवर्तनांकाचा वर्ग × प्रकाशाचा वेग × आयुष्य × प्रभावी रुंदी यांच्या गुणाकाराने. प्रभावी रुंदी म्हणजे झुपक्याचं एकूण क्षेत्रफळ भागिले शिखराची उंची. समजा ती ४.५ नॅनोमीटर आली, वाटा ०.५६ आणि आयुष्य २३० मायक्रोसेकंद. सगळं सेंटिमीटर आणि सेकंदांत घातलं की उत्तर २.८ × १०^(-१९) चौरस सेंमी. एनडी-यागसाठी सर्वत्र वापरला जातो तो हाच आकडा. काटेकोरपणे पाहिलं तर आयुष्य इथे निव्वळ प्रकाशी उत्सर्जनाचं घ्यायचं असतं, मोजलेलं नव्हे. कमी एकाग्रतेच्या यागमध्ये दोन्ही जवळ असतात, जास्त एकाग्रतेत नाहीत.

१०६४ सोडून ९४६ वर लेसर करायचा असेल, म्हणजे पुढे वारंवारता दुप्पट करून ४७३ चा निळा, तर सावध राहा. तिथे खालची पातळी तळापासून फक्त ८५७ प्रति सेंमीवर आहे, आणि खोलीच्या तापमानालाही तिथे थोडे आयन बसलेले असतात. ते स्वतःचाच प्रकाश गिळतात. म्हणून स्फटिक आखूड आणि थंड ठेवावा लागतो, आणि वर्णपट घेताना प्रकाश कडेच्या अगदी जवळून काढावा लागतो.

सातवी पायरी: आकडे कामाला लावा

१०६४ च्या फोटॉनची ऊर्जा १.८७ × १०^(-१९) जूल. तिला क्रॉस सेक्शनने भागा: ०.६७ जूल प्रति चौरस सेंमी. अॅम्प्लिफायरमधून साठवलेली ऊर्जा नीट उपसायची तर पल्सची ऊर्जाघनता या आकड्याच्या आसपास न्यावी लागते. त्यालाच आयुष्याने भागा: २.९ किलोवॉट प्रति चौरस सेंमी, ही सततच्या लेसरसाठीची संपृक्त तीव्रता.

स्फटिक बदलला तर पायऱ्या त्याच राहतात, पण जोर देण्याची जागा बदलते. निओडिमियम व्हॅनाडेटमध्ये स्फटिकाला दिशा आहे. क्रॉस सेक्शन सी-अक्षाला समांतर ध्रुवणात यागच्या कितीतरी पट आणि आडव्या ध्रुवणात त्याहून बराच कमी. पोलरायझर न लावता घेतलेला व्हॅनाडेटचा वर्णपट सरळ बाजूला ठेवावा. आयुष्यही १०० मायक्रोसेकंदांच्या आसपासच.

इटर्बियम-याग ९४० ला पंप होतो, १०३० ला चमकतो, आणि त्याचं आयुष्य ९५० मायक्रोसेकंदांच्या घरात आहे. पण तिथे शोषण आणि उत्सर्जन एकमेकांवर चढलेले असतात. बाहेर निघणारा फोटॉन वाटेत दुसरा इटर्बियम गिळतो, पुन्हा टाकतो, आणि जाड तुकड्यात आयुष्य सहज फुगून दिसतं. त्यासाठी चकतीसमोर बारीक भोकाचा पडदा ठेवायचा. भोक मोठ्यापासून लहान करत आयुष्य मोजायचं, आलेख काढायचा आणि भोक शून्य असतं तर काय आलं असतं ते रेषा वाढवून वाचायचं. तीन-चार भोकं पुरतात, फक्त सगळ्यात लहान भोकाला सरासरीसाठी जास्त वेळ द्या.